‘यू नॉट गेटिंग’ की ‘युअर नॉट गेटिंग’?

प्रश्न असा आला आहे. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘वी रिग्रेट यू नॉट गेटिंग द पार्सल ऑन टाइम’ असं लिहिलं, तर साहेबांनी ‘यू’चं ‘युअर’ केलं. त्याच ईमेलमधल्या ‘आफ्टर रीचिंग द गोडाउन, द रेन स्टार्टेड’ या वाक्याखाली लाल रेघ आली, आणि पुढं स्वल्पविराम देऊन जोडलेल्या ‘हाउएव्हर’खालीही. विचारणाऱ्याचं म्हणणं असं की, मिळणं ही काही वस्तू नव्हे, मग तिला ‘तुमचं’ कशाला? आणि मराठीत सरळ वाटणारं वाक्य इंग्रजीत चुकतं कुठं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच बोलण्यात आहे. ‘माझं तिथं जाणं त्यांना आवडलं नाही’ असं आपण सहज म्हणतो. जाणं ही वस्तू नाही, तरी ‘माझं’ लागतंच, कारण ‘-णं’ लागलं की क्रियापदाचं नाम होतं. पण आपण ‘मी तिथं जाणं बरं दिसणार नाही’ असंही म्हणतो, आणि तेही शुद्ध आहे. दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा. ‘माझं जाणं’ म्हटलं की बहुधा मी गेलेलो असतो. ‘मी जाणं’ म्हटलं की जायचं अजून ठरायचं असतं. हा भेद फार देखणा आहे, आणि शाळेत तो कुणी दाखवून देत नाही याची मला खंत वाटते.

इंग्रजीतही ‘युअर कमिंग’ आणि ‘यू कमिंग’ अशी जोडी आहे, पण तिथला भेद घडलेल्या-न घडलेल्याचा नाही. तो मुख्यतः भाषेच्या पेहरावाचा आहे. औपचारिक लिहिताना ‘युअर’, बोलताना ‘यू’. हेन्री फाउलर या कोशकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘यू कमिंग’ या धर्तीच्या रचनेला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असं नाव देऊन तिच्यावर जोरदार हल्ला चढवला. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी नामवंत इंग्रजी लेखकांची उदाहरणं पुढं ठेवून त्याला उत्तर दिलं. मला येस्पर्सन यांची बाजू पटते. पण ऑफिसच्या पत्रात साहेबांचं ‘युअर’ ठेवावं, ते कुणालाच खटकणार नाही.

मात्र एके ठिकाणी हा बदल करून चालत नाही. ‘आय सॉ हिम कमिंग’मध्ये ‘हिम’चं ‘हिज’ केलं तर वाक्य बिघडतं, कारण तिथं दिसला तो माणूस, त्याचं येणं नव्हे. अर्थाचा खरा घोटाळा होतो तो ‘आय डोन्ट लाइक दॅट मॅन स्टँडिंग देअर’ अशा वाक्यात. ‘तिथं उभा असलेला माणूस मला आवडत नाही’ की ‘त्या माणसाचं तिथं उभं राहणं मला आवडत नाही’? ‘मॅन’चं ‘मॅन्स’ केलं की दुसराच अर्थ उरतो. क्रियेला षष्ठी जोडायची ती अशा ठिकाणी उपयोगी पडते म्हणून.

याला लागूनच क्रियाविशेषणाची एक गंमत आहे. ‘युअर अरायव्हिंग लेट’ आणि ‘युअर लेट अरायव्हल’ यांत ‘लेट’ हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘अरायव्हिंग’च्या अंगात क्रियापद अजून जिवंत आहे, म्हणून तिथं तो क्रियाविशेषण आहे. ‘अरायव्हल’ हे पुरतं नाम, म्हणून तिथं तो विशेषण. शब्द बदलला की हे उघडं पडतं: ‘हिज लीव्हिंग सडनली’, पण ‘हिज सडन डिपार्चर’. मराठीत ‘तुझं उशिरा येणं’ आणि ‘तुझं उशिराचं येणं’ ही जोडी लावून पाहा. ‘उशिरा’ क्रियेला चिकटतं, ‘उशिराचं’ नामाला.

आता लाल रेघेच्या वाक्याकडे येऊ. मला यातच सगळ्यात जास्त रस आहे.

‘गोडाउनला पोचल्यावर पाऊस सुरू झाला.’ या मराठी वाक्यात काहीही चुकलेलं नाही. कोण पोचलं ते सांगितलेलं नाही, ऐकणारा ते संदर्भावरून घेतो. ‘रस्त्यानं चालताना त्याला साप चावला’ हेही तसंच. चालणारा तो, चावणारा साप, आणि कुणाचाही गैरसमज होत नाही. इंग्रजीत मात्र वाक्याच्या सुरुवातीला कर्ता न सांगता ‘-इंग’ आलं, की वाचणारा पुढच्या वाक्याचा कर्ता उचलून त्याच्यामागं लावतो. ‘वॉकिंग डाउन द रोड, अ स्नेक बिट हिम’ म्हटलं की रस्त्यानं साप चालायला लागतो. ‘आफ्टर रीचिंग’मध्ये गोडाउनला पाऊस पोचतो.

आपली ही चूक वारंवार होते, आणि ती होते कारण मराठीत क्रिया जोडायची साधनं फार सैल आणि फार समर्थ आहेत. ‘-ऊन’च घ्या. ‘घरी जाऊन, हातपाय धुऊन, देवाला दिवा लावून तो जेवायला बसला.’ एका कर्त्यावर तीन क्रिया ओवल्या, एकही ‘आणि’ लागला नाही. संस्कृतात ‘गत्वा’, हिंदीत ‘जाकर’, कानडीत ‘होगि’, म्हणजे ही सोय आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही आहे. नियम असा की ‘-ऊन’च्या आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच हवा. पण ‘पाऊस पडून पीक गेलं’, ‘मला इथं येऊन दहा वर्षं झाली’ अशी वाक्यं तो नियम बिनदिक्कत ओलांडतात आणि तरीही अस्सल मराठी राहतात. ‘जेवून मला झोप आली’ या वाक्यात तर झोप कर्ता आहे आणि जेवलो मी.

म्हणून असं वाक्य इंग्रजीत नेताना दोन्ही क्रियांचे कर्ते कागदावर लिहून काढावेत. एकच निघाला तर ‘-इंग’ चालेल: ‘आफ्टर रीचिंग द गोडाउन, वी अनलोडेड द ट्रक.’ वेगळे निघाले तर उभयान्वयी अव्यय घेऊन दोघांनाही आपापला कर्ता द्यावा: ‘आफ्टर वी रीच्ड द गोडाउन, द रेन स्टार्टेड.’ ‘आफ्टर’ दोन्हीकडे आहे, पण पहिल्यात ते शब्दयोगी अव्ययाच्या जागी आहे, दुसऱ्यात उभयान्वयी.

‘-ऊन’चं आणखी एक रूप इंग्रजीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसतं. ‘पळून गेला’, ‘उडून गेला’, ‘वाहून गेलं’ यांत आपण पळणं ‘-ऊन’मध्ये टाकतो आणि मुख्य क्रियापद ‘जाणं’ ठेवतो. इंग्रजी नेमकं उलटं करतं: ‘रॅन अवे’, ‘फ्ल्यू अवे’, ‘वॉश्ड अवे’. पळणं मुख्य झालं आणि ‘जाणं’ एका चिमुकल्या क्रियाविशेषणात मावलं. त्यामुळं ‘ही वेंट रनिंग’ असं लिहिलं तर ‘तो पळून गेला’ हा अर्थ उमटत नाही, तो व्यायामाला गेला असं वाटतं.

राहिलं ‘हाउएव्हर’. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय आहे, ते दोन वाक्यांच्या सांध्यावरच बसतं. ‘हाउएव्हर’ या अर्थानं क्रियाविशेषण आहे आणि आपल्या ‘मात्र’सारखं वाक्यात फिरतं: ‘द ड्रायव्हर, हाउएव्हर, डिड नॉट कम’, म्हणजे ‘ड्रायव्हर मात्र आला नाही’. जे फिरू शकतं ते सांधा धरून ठेवू शकत नाही, म्हणून त्याच्या आधी नुसता स्वल्पविराम पुरत नाही. अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. मराठीत ही विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी यांना देतात, पण अर्धविराम आपल्या हाताला अजून नीटसा वळलेला नाही. ‘देअरफोर’ आणि ‘मोअरओव्हर’लाही हाच नियम लावा. तेव्हा ईमेलमधलं ते वाक्य असं लिहा: ‘द ट्रक लेफ्ट ॲट सिक्स; हाउएव्हर, इट रीच्ड लेट.’ अर्धविराम नको असेल तर स्वल्पविराम तसाच ठेवून ‘बट इट रीच्ड लेट’ लिहिलंत तरी साहेबांना रेघ मारायला जागा उरणार नाही.