नियम मोडला की झोप उडते

"लहानपणापासून कडक ख्रिस्ती घरात वाढले. आता त्यातले बरेच नियम पटत नाहीत, पण एखादा मोडला की रात्रभर झोप येत नाही. मी देवापासून तुटत चाललेय का?"

पुण्यात समुपदेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर येत राहतो. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले, शिकलेले, नोकरी करणारे. येताना धास्तावलेले असतात. वाटत असतं, ही बाई बाहेरची, हिला घरातलं सांगितलं तर आपल्या समाजाची बदनामी होईल. नाहीतर ही सरळ म्हणेल, सोडून दे ते सगळं. मी तसं कधीच म्हणत नाही. देव मानायचा की नाही, कुठल्या देवळात जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझं काम भीतीपुरतं.

एस्तेरची हकिकत तिच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत. आजी-आजोबा नगरकडचे, जुन्या मिशनच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. आई-वडील पिंपरीत. ती चौथीत असताना घरचे जुनी मंडळी सोडून एका नव्या, फार कडक संगतीत जाऊ लागले. बांगड्या, कानातले, सिनेमा, शेजारचा दिवाळीचा फराळ, सगळं बंद झालं. आणि वही सुरू झाली.

ती वही तिने मला आणून दाखवली. दोनशे पानी, पेन्सिलीने आखलेले रकाने: खोटं, राग, मत्सर, वाईट विचार, वाया घालवलेला वेळ. रोज झोपण्याआधी भरायची आणि मम्मीला दाखवायची. एका पानावर 'वाईट विचार'खाली बाळबोध अक्षरात लिहिलं होतं, 'गणपतीची आरती मनात म्हटली. तीन वेळा क्षमा मागितली.' समोर मम्मीची सही. भाद्रपदात दहा दिवस खिडकीतून कानावर पडणारी आरती पिंपरीतल्या कुठल्या मुलाला पाठ होत नाही? त्या वयाच्या लेकराला तिच्याच डोक्यात चोर शोधायला बसवलं होतं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

माझ्याकडे ती आली ते पेढ्यावरून. खराडीतल्या तिच्या ऑफिसात गणपती बसतो. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने प्रसादाचा पेढा हातावर ठेवला. खाल्ला तर मूर्तिपूजेत सामील झाल्यासारखं, टाकला तर मैत्रिणीचा अपमान. तिने तो टिश्यूत गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि वॉशरूममध्ये जाऊन क्षमा मागितली. मग वाटलं, मनापासून मागितली नाही. पुन्हा मागितली. संध्याकाळपर्यंत हेच.

खरी मेख या 'पुन्हा'मध्ये आहे. क्षमा मागितली की चार मिनिटं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातून मन शिकतं की धोका खरोखरच होता, क्षमा मागितली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर उसळते. म्हणूनच "तसं काही होणार नाही गं" ही समजूत टिकत नाही. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) घातली तरी नाही आणि मी घातली तरी नाही. हे फार वाढलं, प्रार्थनेची आवर्तनं तास खाऊ लागली, देवाबद्दल नको ते विचार आपोआप येऊन छळू लागले, तर तो ओसीडीचाच, म्हणजे मंत्रचळेपणाचाच प्रकार असू शकतो. त्यावर औषधं आहेत, मनोविकारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. एस्तेरलाही मी आधी दाखवून यायला सांगितलं. तिला औषधांची गरज पडली नाही.

हे दुखणं नवं नाही. पुढे ख्रिस्ती धर्मसुधारक म्हणून गाजलेला मार्टिन ल्यूथर १५०५ साली जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मठात दाखल झाला, तेव्हा एखादं पाप सांगायचं राहून गेलं असेल या धास्तीने तासन्‌तास पापकबुली देत बसायचा. त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ त्याला मोजदाद सोडून ख्रिस्ताकडे पाहायला सांगत राहिले. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे केडगावच्या पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. दोनच वर्षांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी पत्रातून कळवलं की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. तरीही त्या ख्रिस्ती राहिल्या, आणि पुढे आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. एस्तेर शाळेत असताना केडगावला जाऊन आली होती, पण ही गोष्ट तिला कुणीच सांगितली नव्हती.

मी तिला विचारलं, "तू ज्यांचा विश्वास खरा मानतेस, असं कोण आहे?" ती पटकन म्हणाली, "आजी." नगरची आजी हातभर काचेच्या बांगड्या घालायची, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग म्हणत भाकरी थापायची, शेजारणीकडचा फराळ खायची. तिच्या श्रद्धेवर कुणी बोट ठेवलं नाही. पुढचं सगळं काम मग आजीला धरून झालं. जे करायला आजीला संकोच वाटला नसता, तेवढंच करायचं. तिच्या विवेकाला खरोखर टोचेल असं काहीही मी करायला लावलं नाही. ते उपचारात बसतही नाही.

सुरुवात लहान. कानात साधे मोती घालून ऑफिसला जायचं. भीती वाटली की शून्य ते दहात आकडा मनाशी धरायचा, आणि क्षमेची प्रार्थना लगेच करायची नाही. रात्रीच्या नेहमीच्या प्रार्थनेला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी आकडा नऊवर गेला, दुपारच्या जेवणापर्यंत चारवर आला. कुणी समजूत घातली नव्हती, तिने क्षमाही मागितली नव्हती. हे अंगाने अनुभवल्याशिवाय पटत नाही. प्रसादाबद्दल तिने बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचा, पूर्ण वाचला. आजवर त्यातली सोयीची वचनंच कानावर पडली होती. प्रसाद खायचा नाही असं तिने ठरवलं. पण आता ती "मी घेत नाही गं" म्हणते आणि कामाला लागते. मला हा निर्णयही तितकाच चांगला वाटतो.

अपराधीपणा सगळाच खोटा नसतो, म्हणून एक प्रश्न तिने सोबत ठेवला: यात कुणाचं नुकसान झालं? एकदा तिने नव्या मुलाला मीटिंगमध्ये सर्वांदेखत झापलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची माफी मागितली. त्या आठवड्यात मत्तयाचा तेविसावा अध्याय तीच घेऊन आली: कर्मठ लोक पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशांश देवाला देतात आणि न्याय, दया विसरतात. "मॅडम, माझ्या वहीत दयेचा रकानाच नव्हता," म्हणाली. हे मी शिकवलेलं नव्हतं.

सध्या ती कॅम्पातल्या एका जुन्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाते, काही रविवारी जात नाही. मम्मीला यातलं अर्धंच माहीत आहे. "मम्मीने वाईट हेतूने केलं नाही, तिलाही तितकीच भीती होती," हे एस्तेर म्हणते आणि लगेच रागाने रडतेही. दोन्ही खरं आहे. मोती घालूनच पिंपरीला जायचं का, आणि मम्मीने विचारलं तर काय बोलायचं, यावर आमचं काम चालू आहे.