म्यू ऐकायला सुरुवात करताय?

थेट 2005 च्या 'अँड द ग्लास हँडेड काइट्स'ला हात घालू नका. डेन्मार्कच्या या बँडचा माझा सगळ्यात लाडका अल्बम तोच, पण त्यातली गाणी एकमेकांत मिसळत जातात. शफलवर लावलात तर निम्मी मधूनच सुरू झाल्यासारखी वाटतात. आधी 2003 चा 'फ्रेंजर्स' घ्या. त्यातलं शेवटचं 'कम्फर्टिंग साउंड्स' जवळपास 9 मिनिटांचं आहे. सुरुवातीला शांत गिटार आणि गायक योनास बिएरेचा कोवळा, उंच आवाज, मग थरावर थर चढत जातात. फोनच्या स्पीकरवर यातलं काही हाती लागत नाही, हेडफोन लावाच! ते अंगवळणी पडलं की 'काइट्स' एका बैठकीत ऐका, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता त्यावर पुढचं चढवणारं प्लेअरचं सेटिंग) बंद करून. शब्दांचा अर्थ लावत बसू नका. मी तो नाद कधीच सोडलाय.