गावातून व्हिएतनामच्या शाळेची ऑनलाइन मुलाखत: इंग्रजीचा १० मिनिटांचा डेमो कसा द्यावा?
सगळा जोर डेमोवर द्या. ६ वर्षांच्या मुलांसाठी ४ शब्द आणि एक वाक्य पुरे; १५ शब्द कोंबले की गाडी तिथेच फसते. वस्तू दाखवा (घरातली संत्री, वांगी चालतात), तीनदा म्हणवून घ्या, मग खेळ. ‘समजलं का?’ विचारू नका, मूल ‘हो’च म्हणतं, त्याच्याकडून कृती करून घ्या. ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळे ऐकू यायला हवेत, आपली इथेच गफलत होते.

तिथले १० म्हणजे आपले साडेआठ. लाइनचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉप चार्ज आणि मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा. टिनाखाली बसू नका. पाऊस आला की काही ऐकू येत नाही. पगाराचं शेवटी, पण वर्क परमिट कोण काढणार ते आधी विचारा.