‘कामगार सचिवपदी पुष्टी’ : सचिव कोण आणि पुष्टी कशाची?

प्रश्न असा आला आहे : ‘अमेरिकेच्या कामगार सचिवपदी लॉरी चावेझ-डेरेमर यांची पुष्टी’ असं वाचलं. सचिव म्हणजे मंत्रालयातला सनदी अधिकारी ना? मग त्याच्यासाठी संसदेत मतदान कशाला? आणि ‘पुष्टी’ मराठीत चालते का?

आधी सचिव. संस्कृतात सचिव म्हणजे मंत्रीच. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत राज्याभिषेकानंतर ‘सुरनीस’ या फारसी नावाच्या जागी ‘सचिव’ आलं, अण्णाजी दत्तो या पदावर होते, आणि भोरचे संस्थानिक शेवटपर्यंत पंतसचिव म्हणवत. त्यामुळे शब्दकोश उघडून कुणी ‘कामगार सचिव’चं समर्थन केलं तर ते अगदीच खोटं नाही. पण आजचा वाचक शब्दकोश घेऊन पेपर वाचत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे सचिव, उपसचिव, अवर सचिव ही मंत्रालयातली उतरंड असते, आणि त्या उतरंडीत सचिव मंत्र्याच्या हाताखाली असतो. अमेरिकेत ही व्यक्ती स्वतःच खात्याची प्रमुख आणि राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळाची सदस्य असते. म्हणून कामगारमंत्री.

मराठीनं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच सोडवलेला आहे. लंडनमधला ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया’ आपल्याकडे सरळ ‘भारतमंत्री’ झाला. वॉशिंग्टनच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ला आपण परराष्ट्रमंत्री म्हणतो. मग कामगार खात्यापाशी आल्यावरच सचिव का आठवावा? एक फरक मात्र पहिल्या उल्लेखातच सांगून टाकावा : तिथला मंत्री काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य राहू शकत नाही. २००९मध्ये हिल्डा सोलिस यांना कामगारमंत्रिपदासाठी प्रतिनिधिगृहाची जागा सोडावी लागली.

‘श्रम’ की ‘कामगार’? केंद्रात श्रम मंत्रालय आहे, पण महाराष्ट्रात कामगार विभाग, कामगार आयुक्त, कामगार न्यायालय. कानाला सवय त्याचीच. जुन्या मराठीत ‘मजूर’ होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ कामगार खातं सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांचा उल्लेख मजूरमंत्री असा होतो. तो तसाच ठेवावा, आजच्या बातमीत आणू नये.

आता ‘पुष्टी’. ही हिंदी बातम्यांतून आलेली. मराठीत माहितीला पुष्टी मिळते, माणसाच्या नेमणुकीला नाही. ‘कन्फर्म’ या इंग्रजी शब्दाला धरून ‘कायम केले’ लिहिणं तर आणखी वाईट : परिविक्षा संपवून कारकून कायम होतो, मंत्री नव्हे. अमेरिकी राज्यघटनेतले शब्दच सिनेटचा, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा, ‘सल्ला आणि संमती’ असे आहेत. म्हणून ‘नियुक्तीला सिनेटची संमती’. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘सिनेटचं शिक्कामोर्तब’ चालेल.

खरी गल्लत टप्प्यांची होते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, त्या दिवशी ‘नियुक्ती’ लिहायची नाही. मग सिनेटची आरोग्य, शिक्षण, कामगार आणि निवृत्तिवेतन समिती सुनावणी घेऊन मत देते. त्यानंतर पूर्ण सभागृहात साधं बहुमत लागतं, आणि शेवटी शपथ. चावेझ-डेरेमर यांना समितीत १४ विरुद्ध ९ मतं पडली, सभागृहात १० मार्च २०२५ रोजी ६७ विरुद्ध ३२. समितीच्या मतदानालाच ‘सिनेटची मंजुरी’ म्हटलं की बातमी चुकली. याच पदासाठी नाव सुचवलेल्या अँड्र्यू पझ्डर यांनी तर फेब्रुवारी २०१७मध्ये मतदानाआधीच माघार घेतली. त्यांनी ‘राजीनामा’ दिला असं म्हणता येत नाही, कारण सोडायला पदच हाती नव्हतं.

‘कारकीर्द’ हा शब्द पदावरच्या काळासाठी राखला तर वाक्य स्वच्छ होतं. फ्रान्सिस पर्किन्स यांची कामगारमंत्री म्हणून कारकीर्द १९३३ ते १९४५, या पदावरची सर्वांत दीर्घ. १९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा आणि किमान वेतन ठरवणारा १९३८चा कायदा त्याच काळातले. १९११मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेली, १४६ बळी घेणारी आग त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे त्या न्यूयॉर्क राज्याच्या औद्योगिक आयुक्त झाल्या. या सगळ्याला ‘वाटचाल’ म्हणावं. हल्ली कारकीर्द दोन्हीकडे वापरतात, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

सर्वांत अवघड प्रकरण ज्युली सू यांचं. मार्च २०२३मध्ये कामगारमंत्री मार्टी वॉल्श पायउतार झाले तेव्हा त्या खात्यात दुसऱ्या क्रमांकावर होत्या. इथे ‘उपसचिव’ लिहिलं तर वाचक त्यांना मंत्रालयातल्या मधल्या फळीत नेऊन बसवील, म्हणून उपमंत्री. समितीनं त्यांच्या नावाला दोनदा ११ विरुद्ध १० मतांनी अनुकूलता दाखवली, पण सभागृहात मतदान झालंच नाही. तरी खात्याच्या स्वतःच्या कायद्याच्या आधारे त्या जानेवारी २०२५पर्यंत काम पाहत राहिल्या. त्यांना ‘काळजीवाहू’ म्हणू नये. राजीनामा दिलेलं किंवा मुदत संपलेलं सरकार काळजीवाहू असतं. ‘हंगामी’ चालेल, पण ‘प्रभारी’ नेमकं : पदभार आहे, संमती नाही. आता त्यांचा उल्लेख करताना नुसतं ‘माजी कामगारमंत्री’ नको, ‘माजी प्रभारी कामगारमंत्री’ लिहावं.