फिट लपवून मुलीला लीड्सला पाठवताय?

"मुलगी सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.साठी लीड्सला जातेय. कुठला भाग सुरक्षित? विमा कुठला काढावा? सोबत औषधं आणि खायचं काय द्यावं? तिला लहानपणापासून फिट येतात, शेवटची दीड वर्षापूर्वी आली. गोळी चालू आहे. व्हिसा अडू नये आणि पुढे लग्नाचंही बघायचंय, म्हणून हे कुठेच लिहिलेलं नाही. रूममेटनाही सांगू नकोस असं तिला बजावलंय." – एक पालक, बार्शी

तीन प्रश्न तुम्ही विचारलेत आणि चौथी गोष्ट जाता जाता सांगितलीत. मी त्या चौथीपाशीच अडकलो.

विमा आणि भाग आधी उरकतो. ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावाच लागतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. त्यात एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार मिळतात. पोचल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं. पैसे भरूनही बरीच मुलं हे राहू देतात आणि पहिल्या तापात धावपळ करतात. राहायला पहिलं वर्ष विद्यापीठाचं वसतिगृहच बरं.

आता फिट. व्हिसा अडेल हे तुमच्या डोक्यात कोणी भरवलं? भारतातून सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्याला टीबीची तपासणी लागते. फिट येते का, हे विद्यार्थी व्हिसासाठी कोणी विचारत नाही. विद्यापीठाच्या फॉर्मवर आजार लिहायची जागा असते ती सोयी करून देण्यासाठी. २०१० च्या तिथल्या समानता कायद्यात फिटचा आजार सहसा अपंगत्वात धरतात. त्या शब्दाला बिचकू नका, त्याच्याच जोरावर परीक्षेत आणि राहण्याच्या जागेत सवलत मागता येते. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात, पण फिटची गोळी कायम चालू असेल तर सूट प्रमाणपत्र मिळतं आणि चिठ्ठीवरची सगळी औषधं फुकट. व्हिसा खरा धोक्यात येतो तो वेगळ्याच वाटेनं. फिटनंतर पोरगी चार दिवस खोलीत पडून राहिली, कारण कळवलं नाही, असं पुन्हा पुन्हा झालं, की विद्यापीठाला तिची गैरहजेरी व्हिसा देणाऱ्या तिथल्या गृहखात्याला कळवावी लागू शकते. म्हणजे ज्याला घाबरून लपवलंत, तेच लपवल्यामुळे ओढवायचं.

आणि रूममेट. वसतिगृहात खोलीचं दार ओढलं की बऱ्याच ठिकाणी आपोआप कुलूप लागतं. आत तुमची मुलगी जमिनीवर पडलीय आणि बाहेरच्या मुलीला वाटतंय, झोपली असेल. बार्शीत निदान कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल घेऊन धावतं. उपयोग शून्य, पण माणूस तरी जवळ असतं. तिथल्या मुलीला सांगायचं ते दोन मिनिटांचं आहे. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, तोंडात काही घालू नको, झटके थांबले की कुशीवर वळव, घड्याळ बघत राहा, पाच मिनिटांवर गेलं तर ९९९ हा तातडीचा नंबर लाव. एवढं माहीत असलेली एक मैत्रीण तुम्ही विचाराल त्या कुठल्याही 'सुरक्षित भागा'पेक्षा मोलाची आहे.

औषधांचं म्हणाल तर न्यूरॉलॉजिस्टकडून इंग्रजीत पत्र घ्या: औषधाचं मूळ नाव, मात्रा, शेवटची फिट कधी. कंपनीचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळेलच असं नाही. गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला; ब्रिटनमध्ये पंचावन्नच्या आतल्या रुग्णांना ती देण्यावर २०२४ पासून कडक नियम आहेत. आणि शिकताना नोकरी केलीच तर रात्रपाळीची नको. जागरणानं फिट येते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लग्नाविषयी एकच सांगतो, थोडं कडू लागेल. स्थळांना काय सांगायचं आणि कधी, ते तिचं ती ठरवेल. पण त्या न आलेल्या स्थळांसाठी तिनं परक्या देशात शेजारच्या खोलीतल्या मुलीपासूनही आजार लपवायचा, हे मला मान्य नाही. हे पत्र तिला वाचायला द्या. विद्यापीठाच्या अपंगत्व सहाय्य विभागाला ईमेल तिनंच करायचा आहे, आणि तो याच आठवड्यात. तुम्ही केलात तरी तिच्या परवानगीशिवाय ते तुमच्याशी तिच्याबद्दल बोलणार नाहीत.

मेतकूट खुशाल द्या. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत.