तमिळनाडूतल्या वालपराईच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरचे प्राणी-पक्षी कसे शोधावेत? फोटो काळे का येतात?

फेब्रुवारीत जाताय, हाताशी ४०० मिमीची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स आहे, म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं उभं कुठे राहायचं यात आहे.

सदाहरित जंगलातली झाडं ३०-४० मीटर उंच. बुंध्याशी उभं राहून वर बघितलं की प्राण्याचं पोट तेवढं दिसतं, आणि मागे पांढरं आभाळ. कॅमेरा त्या आभाळाचा उजेड मोजतो, म्हणून प्राणी काळा. वालपराईत यावर सोपा उपाय आहे: डोंगरउतार. रस्ता वर, दरी खाली, त्यामुळे दरीतल्या झाडांचे शेंडे थेट डोळ्यांच्या पातळीवर येतात. अशी वळणं हेरा आणि सकाळी ऊन पाठीमागे असेल ते निवडा. खालूनच टिपायची वेळ आली तर एक्स्पोजर +१ ते +२ वाढवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत खुशाल न्या, म्हणजे शटर वेगात चालेल. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

शोधायचं असतं ते फळांनी लगडलेलं झाड. वड-उंबराच्या कुळातलं एखादं सापडलं की तिथेच बूड टेकवा. महाधनेश (ग्रेट हॉर्नबिल), शेकरू (मोठी खार), हरियाल (हिरवं कबुतर), सगळे पाळीपाळीने येतात. आपलं भीमाशंकरचं शेकरू तिथेही आहे. त्याचा खडखडाट ऐकू आला की मान वर करा. महाधनेश तर दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांच्या मोठ्या पिसांच्या मुळाशी आच्छादन नसल्याने हवा फटीतून जाते आणि मोठा फुसफुसाट होतो. या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि नर तिला फळं भरवतो. ढोली दिसली तर तिथून निघा. तुम्ही जवळ असलात तर नर यायला बिचकतो आणि आतली उपाशी राहते. कुणी गाइड 'जवळ नेतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

सिंहपुच्छ माकडांसाठी वालपराईजवळच्या पुदुतोट्टमला जा. तिथे जंगलाचे तुकडे पडलेत, म्हणून रस्त्यावरून आगीच्या बंबाच्या जुन्या पाइपांचे पूल बांधलेत. त्यावरून जाणारं माकड मला तरी फांदीवरच्या 'स्वच्छ' फोटोपेक्षा जास्त खरं वाटतं. खायला मात्र काही देऊ नका, त्यापायीही ती गाड्यांखाली येतात.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोडभाग) नको, असलेला उजेडही तो खातो. त्या पैशात ८×४२ ची दुर्बीण घ्या.