एमएमआर घेण्याआधी टीबीचं बघा (डे केअरच्या नोकरीसाठी)

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात सांता क्लारातल्या डे केअरमध्ये नोकरी ठरलीय, तीन आठवड्यांनी रुजू व्हायचंय, आणि गोवर, डांग्या खोकला, फ्लू, टीबी यांतल्या एकाचाही कागद हाताशी नाही. तिकडे सांगलीला आई जुन्या फायली उपसतेय. वाचून पोटात कालवलं. २०१८ मध्ये मी अगदी इथेच उभी होते.

मी डॉक्टर नाही. स्वतःच्या अंगावर आलं तेवढंच सांगते, बाकी डॉक्टरांना विचारून करा.

आईला आधी थांबवा. भारतात सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आली आणि दुसरा डोस २०१० नंतर, म्हणजे कार्ड सापडलंच तरी त्यावर पुसट शाईतला एखादा डोस निघेल. माझ्या आईने महिनाभर ट्रंका उघडल्या आणि सापडलं ते माझ्या भावाचं कार्ड. गोवराची लस पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. फक्त दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. गरोदरपणात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) देत नाहीत आणि घेतल्यावरही महिनाभर थांबायला सांगतात.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. टीबीच्या चाचणीचं न बघता नुसती एमएमआर घ्यायला पळू नका!

मी तेच केलं. नोकरीचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी घराजवळच्या क्लिनिकमध्ये जाऊन एका दंडात एमएमआर, दुसऱ्यात टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस) घेऊन आले. एलआयसी ५०३ हा आरोग्य तपासणीचा फॉर्म मी त्यांच्या काउंटरवर उघडा ठेवला होता, टीबीचा रकाना वरून दिसत होता. कुणी चकार शब्द काढला नाही. पाच दिवसांनी टीबीच्या चाचणीला गेले तर तिथल्या नर्सचा पहिलाच प्रश्न, गेल्या चार आठवड्यांत कुठली जिवंत लस घेतलीय का? एमएमआर जिवंत लस आहे, म्हणजे दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंची. तिच्यामुळे काही आठवडे टीबीच्या चाचणीला शरीर नीट प्रतिसाद देत नाही आणि असलेला संसर्गही चाचणीत न दिसण्याची शक्यता असते. म्हणून चाचणी लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करतात, नाहीतर किमान चार आठवडे थांबतात. मला थांबवलं.

संचालिका भल्या होत्या, पण नियमाने टीबीची चाचणी रुजू होण्याआधीच्या वर्षभरातली किंवा रुजू झाल्यावर सात दिवसांच्या आतली लागते. त्यांनी दोन आठवडे वाट पाहिली आणि जागा दुसरीला दिली. दीड-दोन वर्षांच्या मुलांचा वर्ग होता. भेटीच्या दिवशी एक मुलगी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून तासभर हिंडली होती, ती अजून आठवते. क्लिनिकला मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: तुम्ही सांगायला हवं होतं. परदेशातून आलेल्या बाईने हे कुठून जाणावं? रोज लशी टोचणाऱ्यांनी एक प्रश्न विचारायला काय हरकत होती?

दुसरं, चाचणी रक्ताचीच मागा. आपल्या डाव्या दंडावर लहानपणी घेतलेल्या टीबीच्या लशीचा, बीसीजीचा वण असतो, आणि बीसीजीमुळे हातावरची त्वचेची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. नंतर ती चाचणी केली तेव्हा माझा हात फुगला, मग एक्स-रे, मग पुन्हा वाट बघणं. रक्ताच्या चाचणीला बीसीजीने फरक पडत नाही. विमा खर्च देतो का, ते आधी फोनवर विचारा.

लागलं-खरचटलं की घेतलेलं टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन इथे मोजू नका, त्यात डांग्या खोकल्याचं काही नसतं. टीडॅपच हवं. फ्लूची लस दरवर्षी १ ऑगस्ट ते १ डिसेंबर या काळात घ्यायची. ती नको असेल तर लिहून देता येतं. गोवर आणि डांग्या खोकला या बाकी दोन्हींना डॉक्टरांच्या पत्राशिवाय सूट नाही.

मी म्हणेन, फ्लूचीही घ्याच. या लशी आपल्यापेक्षा त्या तान्ह्यांसाठी. कॅलिफोर्नियात २०१० साली डांग्या खोकल्याने १० तान्ही बाळं गेली. गोवराची पहिली लस इथे वर्षाच्या आत सहसा देत नाहीत, म्हणजे तुमच्या खांद्यावर झोपणाऱ्या सहा महिन्यांच्या बाळाला स्वतःचं असं काहीच कवच नसतं. डे केअरमध्ये काम करणाऱ्यांना या लशी लागतात, हा कॅलिफोर्नियाचा नियम १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. जाचक वाटला तरी मला तो पटतो.

तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, म्हणजे पुरेसे आहेत. उद्याच अपॉइंटमेंट घ्या आणि फोनवरच सांगा: "टीबीची रक्तचाचणी आणि एमएमआर, दोन्ही एकाच दिवशी, रक्त आधी." निघताना तारीख आणि सही असलेला कागद हातात घ्या आणि राज्याच्या लसीकरण नोंदणीत नाव चढवायला सांगा, म्हणजे पुढच्या नोकरीला आईला ट्रंक उघडावी लागणार नाही.